ह्यांची जास्वंद

पहिल्यांदा विनायकला वाटलं, सिलतऱ्याची धूळ आहे. तिकडून वारा असला की कारखान्यांची ती काळी भुकटी रात्रीतून येते. गच्चीवर, वाळत घातलेल्या बनियनवर, तुळशीवर कसलाही भेदभाव न करता बसते, आणि सकाळी माणूस अनवाणी फिरला की तळपायांना काजळ लागतं. रायपुरात राहणाऱ्याला काळ्या रंगाचं नवल नसतं. त्यामुळे जास्वंदीची पानं काळी दिसली तेव्हा त्याने खाली जाऊन फडकं भिजवून आणलं आणि एक पान, खालून तळहाताचा आधार देऊन, लहान पोराचं तोंड पुसावं तसं पुसलं. काळं गेलं नाही. पानच हातात आलं. उकडलेल्या पालकासारखं ते मऊ होतं आणि उजेडाकडे धरलं तर आरपार दिसत होतं. त्याने दुसरं पुसलं, तेही आलं. तिसऱ्याला त्याने हात लावला नाही. ओलं फडकं घेऊन तो उभा राहिला आणि हळूहळू त्याच्या लक्षात आलं की रात्री वारा नव्हताच. सिलतऱ्याकडून नव्हता, कुठूनच नव्हता. वारा नव्हता, ढग नव्हते, कॉलनीच्या पलीकडच्या रिकाम्या प्लॉटांवरचं गवत पिठूळ पांढरं दिसत होतं, आणि संध्याकाळी रमाने सगळ्या कुंड्यांवर चादरी घातल्या होत्या. त्या चादरी त्याने काढल्या होत्या. नुसत्या काढल्या नव्हत्या, चार घड्या करून कपाटात ठेवल्या होत्या, गुलाबी वेगळ्या, चौकड्याच्या वेगळ्या.

त्यात दुष्टपणा नव्हता. उलट शिस्त होती. दिवाळीपासून रमा वस्तू झाकत होती. आधी टीव्ही, मग मिक्सर, मग गॅसची शेगडी, आणि एका दुपारी पेपर वाचताना विनायकचा डोळा लागला तेव्हा विनायक. तो जागा झाला तर त्याच्या पोटावर टेबलक्लॉथ होता आणि टेबलक्लॉथवर द्राक्षं होती. समता कॉलनीतल्या डॉक्टरांनी या प्रकाराचं इंग्रजी नाव सांगितलं होतं आणि त्यावरचा उपायही: विरोध करू नका, नंतर हळूच काढून घ्या. विनायकने सरकारी विमा कंपनीत मोटारगाड्यांचे अपघात तपासण्यात आयुष्य घालवलं होतं. सूचना लेखी नसली तरी ती पाळण्याची त्याला सवय होती. त्या संध्याकाळी रमा गच्चीवर कुंड्याकुंड्यांपाशी वाकून चादरी खोचत होती तेव्हा त्याने विरोध केला नाही. "आज पडते," ती म्हणाली. "काय पडते?" "आभाळ पाहा ना. आज पडते." त्याने आभाळ पाहिलं. ते धुऊन ठेवल्यासारखं स्वच्छ होतं, त्यात पडण्यासारखं काही नव्हतं. "हो हो," तो म्हणाला. 'हो हो' ही गेल्या वर्षभरात त्या घराची राजभाषा झाली होती. मग ती जेवायला खाली गेली आणि त्याने हळूच काढून घेतल्या.

रमाचं माहेर पेंड्रा रोडचं. वडील तिथे रेल्वेच्या शाळेत मास्तर. तिकडे थंडी अशी की जानेवारीत एखाद्या निवांत, निरभ्र रात्री झाडांवरचं दंव गोठतं आणि सकाळी टमाट्याची रोपं जळाल्यासारखी उभी असतात. हिंदीच्या शेजाराने तिकडची मराठी माणसं त्याला पाला पडणं म्हणतात. वारा थांबला आणि चांदण्या फार जवळ आल्या की रमाची आई घरातली धोतरं, पोती, जुने टॉवेल गोळा करायची आणि वाफ्यांवर घालायची. एकदा मास्तरांचा शाळेत जायचा एकुलता कोट टमाट्यांवर गेला आणि मास्तर शाल पांघरून शाळेत गेले. ही गोष्ट विनायकला पाठ होती. लग्नाच्या पहिल्या वर्षात बायकोच्या माहेरच्या गोष्टी जशा ऐकतात तशी ती त्याने मान हलवत, मनात दुसरंच काही मोजत, पुष्कळदा ऐकली होती. ती त्याच्या डोक्यात सगळ्या तपशिलांसह सुरक्षित होती, कोटाच्या रंगासकट. विसरण्याचा आजार तिला होता. आठवायची वेळ आली तेव्हा आठवलं तिलाच.

गच्चीच्या कठड्याला टेकून तो नुकसानीची पाहणी करू लागला, कारण दुसरं काही त्याला करता येत नव्हतं. क्रोटनची पानं पन्हाळीसारखी दुमडली होती. पानवेल भिंतीवरून सुटून जुन्या वायरीसारखी लोंबत होती. तुळस सरळ उभी होती, पण तिच्यात तिचा वास नव्हता. कढीपत्ता अर्धा. शेवटी पाण्याच्या टाकीजवळ जास्वंद, तिच्या टोकाला एक उमलायला आलेली कळी, शिजलेल्या कांद्यासारखी. नोकरीत असता तर त्याने शांतपणे 'टोटल लॉस' लिहिलं असतं आणि गाडीमालकाला पाणी दिलं असतं. गाडीमालक नेहमी एकच वाक्य म्हणत: साहेब, जरा बघा ना, इंजिन चालू होते. तो म्हणे, इंजिन चालू होण्याचा प्रश्न नाही, भाऊ.

रायपूरच्या मराठी घरांतून झाडं विकत आणत नाहीत. म्हणजे आणतात, पण तशा झाडाला घरात मान नसतो. झाड कोणाकडून तरी यावं लागतं. हळदीकुंकवाला गेलेली बाई परतताना ओल्या रुमालात एक फांदी घेऊन येते. बारशाला गेली तर येते, डोहाळजेवणाला गेली तर येते, आणि कोणी गेल्याचं कळून भेटायला गेली तरी डोळे पुसून निघताना अंगणात थांबून म्हणते, ही शेवंती फार गोड आहे हो, जरा मोडून देता? मग ते झाड त्या माणसाच्या नावाने ओळखलं जातं. बाई जाते, तिची मुलं घर विकून भिलाईला जातात, घराच्या जागी मोटारसायकलींचं शोरूम होतं, आणि कुठल्यातरी तिसऱ्याच गच्चीवर 'कुंदामावशी' दर हिवाळ्यात फुलत राहते. रमाची गच्ची ही अशा माणसांची वस्ती होती. क्रोटन हे 'चित्राचं', म्हणजे विनायकच्या बहिणीचं. तुळस 'इंदूआत्याची'. पानवेल 'गोदूची', गोदू ही रमाची शाळेतली मैत्रीण, तिला जाऊनही आता बराच काळ झाला. आणि जास्वंद 'ह्यांची'.

आजार वाढला तसं रमाला माणसं ओळखू येईनाशी झाली, पण झाडं येत. हे कसं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. ते म्हणाले, जे आहे ते धरून ठेवा. चित्रा समोर सोफ्यावर बसून रडली तरी रमा तिला बिस्किटं देऊन 'कुठून आलात' विचारायची, आणि सकाळी गच्चीवर त्याच चित्राच्या क्रोटनला हात लावून म्हणायची, "हे चित्राचं. चित्राले रंगीत पाहिजे सगळं." रोज सकाळी ती एक फेरी मारायची, प्रत्येक कुंडीला हात लावून नाव घ्यायची, जणू हजेरी चालू आहे, आणि सर्वांत शेवटी टाकीजवळ येऊन म्हणायची, "ही ह्यांची." मग एक क्षण थांबायची. मग मान वळवून मागे उभ्या असलेल्या विनायककडे बघायची. त्या क्षणी त्याची नेमणूक व्हायची. रात्रभर तो मीटर बघायला आलेला माणूस असे, कधी कोणी दादा, कधी 'अहो भैया, दरवाजा लावून घ्या' असं. पण जास्वंदीपासून त्याच्याकडे वळलेल्या त्या नजरेत तो नवरा होई. ही नेमणूक हंगामी होती. कधी जेवणापर्यंत टिकायची, कधी फक्त चहापर्यंत. पण रोज नव्याने मिळायची, आणि गेलं वर्षभर तो तेवढ्यावर जगत होता. कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, पांढरीपांडे साहेब बाईंच्या झाडांचं किती करतात हो. आपण ही कुंडी स्वतःसाठी पाणी घालून जगवतो आहोत हे बायकांना सांगण्यासारखं नव्हतं.

म्हणून त्या सकाळी त्याने गच्चीचं दार लावून घेतलं आणि रमाला सांगितलं, वर ओलं आहे. पण दिवसा रमाजवळ राहायला गुढियारीहून शांताबाई यायच्या, आणि शांताबाईंचा कुलुपांवर विश्वास नव्हता. तो दाढी करत असताना त्यांनी कडी काढून रमाला वर नेलं. "दीदी रडून राहिल्या होत्या ना साहेब, वर जायचं वर जायचं म्हणून. मी म्हटलं, चला." तो अर्ध्या दाढीचा फेस घेऊन वर धावला. रमा क्रोटनपाशी उभी होती. तिने पानाला हात लावला, पान गळालं, तिने हात मागे घेतला. काही म्हणाली नाही. पानवेलीपाशी आली, काही म्हणाली नाही. तुळशीपाशी वाकून वास घेतला. जास्वंदीपाशी थांबलीसुद्धा नाही. एखाद्या लग्नाला चुकीच्या मंगल कार्यालयात गेलेला माणूस जसा पंगतीतून तोंडं बघत बघत बाहेर येतो तशी ती टोकापर्यंत जाऊन परत आली आणि शांताबाईंना म्हणाली, "इथे कोणी राहत नाही काय?"

त्या दिवशी विनायक पूर्ण दिवस मीटरवाला होता.

सल्ल्याची रायपुरात कधीच टंचाई नसते. शेजारचे भैय्यालाल मेश्राम, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, कठड्यावरून वाकून बघत होते. "पांढरीपांडे साहेब, कापून टाका. जेवढं काळं तेवढं साफ कापा. सडलेला डबा गाडीला लावून ठेवला तर पुढची गाडीबी जाते." नंतर इंटरनेटवर त्याने वाचलं की लगेच कापायचं अजिबात नाही, मेलेली पानं खालच्या डोळ्यांना, म्हणजे नवे कोंब फुटायच्या जागांना, पांघरूण म्हणून राहू द्यायची, ऊन तापेपर्यंत वाट बघायची. त्याने भैय्यालालना ते वाचून दाखवलं. "असंबी असते," ते तितक्याच खात्रीने म्हणाले. "मंग नका कापू." जुन्या ऑफिसमध्ये काही कागदांवर सह्या करायला गेला तेव्हा तिथल्या नव्या पोरांना त्याने सांगून पाहिलं. एक जण हसून म्हणाला, सर, रायपुर में पाला? अंबिकापुर में गिरता है. विमानतळावरचं तापमान त्या पोराने फोनवर काढून दाखवलं. ते गोठण्याच्या बरंच वर होतं. विमानतळावरचं तापमान सावलीत, लाकडी पेटीत मोजतात आणि कुंड्या उघड्या आभाळाखाली असतात, हे विनायकला माहीत होतं; त्याने उरलेल्या सह्या केल्या. त्यानेही आयुष्यभर लोकांना असंच कागद दाखवून घरी पाठवलं होतं. ज्या गोष्टीचा पुरावा नसतो ती घडत नाही. फक्त त्या गोष्टीत सापडलेल्याला हे पटवणं अवघड जातं.

बंगळुरूहून मुलाने, नीलने, व्हिडिओ कॉल केला. त्याला मराठी कळतं. बोलताना तो हिंदीत बोलतो, जसं त्याच्या वयाचं इथलं प्रत्येक पोट्टं बोलतं. विनायकने फोन फिरवून गच्ची दाखवली. "अरे यार, बाबा," तो म्हणाला, "इतना टेन्शन मत लो. नर्सरी से वही वाले ले आओ. मम्मी को क्या पता चलेगा?" नील वाईट मुलगा नाही. त्याला आईला बरं वाटावं एवढंच हवं होतं, आणि तेही शनिवारपर्यंत. "मम्मी कैसी है?" त्याने विचारलं. विनायक म्हणाला, हो हो.

तरी तो विचार त्याच्या डोक्यात राहिला, म्हणून तो चित्राकडे गेला. क्रोटन तिचं होतं; मूळ झाड तिच्याकडे असणार; एक फांदी मिळाली तर ते चित्राचंच राहिलं असतं, त्यात लबाडी नव्हती. चित्राचं नवं घर एका उंच इमारतीत होतं. बाल्कनीत हिरवंगार गवत होतं आणि ते प्लास्टिकचं होतं. कोपऱ्यात एक क्रोटनही होतं, फार सुंदर, पावसाळ्यात भिजल्यासारखं चकाकणारं. विनायकने पानाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. "दादा, ते जुनं तर मी शिफ्टिंगमध्येच टाकून दिलं," चित्रा चहा गाळत म्हणाली. "कुंडी केवढी जड होती ती. वहिनीले नको सांगू हं." मग तिला आपण काय बोललो ते कळलं आणि ती चहाच्या गाळणीकडे बघत राहिली. परत येताना त्याला वाटलं, त्या रात्रीपर्यंत चित्रा फक्त रमाच्या गच्चीवर शिल्लक होती. आणि गोदू? आणि इंदूआत्या? त्यांना कुठून आणायचं? तेलीबांध्यापाशी सिग्नलला उभा असताना त्याच्या मनात आलं की एका रात्रीत, चार घड्या घालून, त्याने एक अख्खी वस्ती उठवली. मागच्याने हॉर्न वाजवला. हिरवा दिवा लागून बराच वेळ झाला असावा.

झाड जिवंत आहे की नाही हे पाहण्याची एक रीत असते. साल नखाने किंचित खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी दिसलं तर नाही. जास्वंदीच्या शेंड्याकडून त्याने सुरुवात केली. तपकिरी. दुसऱ्या दिवशी थोडं खाली, तपकिरी. कधीतरी त्याला एक ओलसर, हिरवटसा पट्टा दिसला आणि तो दिवसभर घरात शीळ घालत फिरला; शांताबाई म्हणाल्या, साहेब आज खूश दिसून राहिले. दुसऱ्या दिवशी खात्री करायला त्याने त्याच जागी पुन्हा खरवडलं, आणि नंतर पुन्हा. असं करत करत खोडावर इतके ओरखडे झाले की भैय्यालालनी कठड्यावरून विचारलं, "खारूताई लागली काय हो?" तो म्हणाला, हव, तीच. माणूस असो की गाडी, रोज रोज तपासणी केली तर तपासणीनेच काय ते होतं, हे त्याला नोकरीत कळत होतं. पण नोकरीत त्याला कसली आशा नसायची.

आणि चादरी. कपाटातून चादरी काढून तो आता रोज संध्याकाळी कुंड्यांवर घालू लागला. थंडी ओसरली होती. दुपारी पंखा लागायला लागला होता. तरी तो सगळ्या कुंड्यांवर नेमाने चादरी खोचायचा आणि कडा विटांनी दाबायचा. समोरच्या गच्चीवरून बायका बघायच्या आणि एकमेकींना कोपराने ढोसायच्या: आजार घरात पसरला असावा. एका संध्याकाळी शांताबाई निघायच्या तयारीत असताना रमा जिना चढून वर आली. तिने एकेक चादर काढली, कडा जुळवून घडी केली, खांद्यावर टाकली आणि घाम पुसत म्हणाली, "एवढ्या उकाड्यात कोण झाकते? गुदमरतात ना ते." तो म्हणाला, "थंडी पडली तर?" तिने आभाळाकडे पाहिलं, फार थोडा वेळ, जसं आपण घड्याळाकडे बघतो. "नाही पडत आता," ती म्हणाली. आणि खरंच पडली नाही. हवामान खात्याची सगळी यंत्रणा तिच्या आत कुठेतरी नीट चालू होती. फक्त त्या खोलीकडे जाणारा रस्ता विनायकच्या घरावरून जात नव्हता.

सकाळची फेरी बंद झाली होती. रमा वर यायची, पण नावं घेत नसे. काळ्या काड्यांमधून चालत कठड्यापाशी जाऊन उभी राहायची. विनायक मागून सुचवून बघायचा. "रमा, हे कोणाचं गं?" "कोणाचं?" "चित्राचं ना?" "हो का?" ती सभ्यपणे म्हणायची. कोणी बळेच फोटोंचा अल्बम दाखवायला बसवलं तर पाहुणा जसा म्हणतो तसं. टाकीपाशी आल्यावर तो बोलायचंच टाळायचा. ही ह्यांची, असं त्याने स्वतः म्हटलं असतं तर त्या वाक्याचा अर्थ उरला नसता.

फाल्गुन लागला आणि जास्वंदीला कोंब आला.

तो इतका हिरवा होता की विनायकला प्रथम कोणीतरी खोचून ठेवल्यासारखा वाटला. ओरखडलेल्या, काळवंडलेल्या खोडाच्या अगदी बुडाशी, मातीच्या जरा वर, बाहुलीच्या तळहाताएवढी पानं घेऊन तो निघाला होता. विनायक गच्चीवर उकिडवा बसला. त्याचे गुडघे कटकन वाजले आणि डोळ्यांत पाणी आलं, पैकी पाण्याचा गुडघ्यांशी संबंध नव्हता. पुण्याच्या ट्रेनिंगहून ही जास्वंद त्याने आणली होती. आणायची होती साडी; पण सोबतच्या माणसाने एका नर्सरीत नेलं आणि तिथे ते फूल होतं, हळदीच्या रंगाचं, मध्ये गर्द लाल डोळा असलेलं, बशीएवढं. आझाद हिंद एक्स्प्रेसमध्ये त्याने कुंडी दोन पायांच्या मध्ये धरून आणली, नागपूरला उतरून तिला पाणीही पाजलं. रमा दारात म्हणाली, "हे काय? माणसं पुण्याहून साडी आणतात." आठवडाभर ती कुंडीशी आणि त्याच्याशी बोलली नव्हती. मग एके सकाळी कुणालातरी सांगताना त्याने ऐकलं: ही ह्यांची.

मग त्याला पट्टी आठवली. खोडावर, बुडापासून थोडं वर, प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली होती, आणि त्याने विचारलं होतं, याला काय लागलंय? रमा हसली होती. कलम आहे ते. खाली आपली साधी लाल देशी जास्वंद, वर तुमची पुण्याची बांधलेली. पट्टी पुढे गळून पडली पण जिथे दोन झाडं जोडली तिथे खोडाला एक गाठ कायम राहिली, आणि वर्षानुवर्षं रमा त्या गाठीखाली फुटलेला प्रत्येक कोंब अंगठ्याने मोडून टाकायची. पोळी लाटताना पिठातला खडा काढावा तसा, बोलणं न थांबवता. विनायकने वाकून पाहिलं. कोंब गाठीच्या खाली होता. गाठीच्या वर सगळं मेलं होतं, याबद्दल आता कुठल्याही सर्व्हेअरचं दुमत झालं नसतं. जे जगलं होतं ते पुण्याचं नव्हतं, त्याने आणलेलं नव्हतं, ते कधी कोणाच्या लक्षात न आलेलं खालचं झाड होतं, आणि इतकी वर्षं मोडून मोडूनही न कंटाळता पुन्हा फुटलं होतं.

त्याने आजूबाजूला बघितलं. भैय्यालाल कठड्यावर नव्हते. मग त्याने असं काही केलं, जे करताना त्याने कितीतरी लोकांना पकडलं होतं: पुरावा हलवला. शेजारच्या कुंडीतली माती ओंजळीने काढून त्याने जास्वंदीच्या बुडाशी घातली, दाबली, वर थोडं पाणी शिंपडलं. गाठ मातीखाली गेली. आता कोंब खोडातून कुठूनही निघालेला असू शकत होता. वरच्या काळ्या फांद्या त्याने कात्रीने छाटून टाकल्या. मागे सरून पाहिलं तर एक लहान, नीटनेटकं, आशादायक झाड होतं. अहवाल स्वच्छ होता. मूळ नग आणि हा नग यांत फूल येईपर्यंत फरक कळणार नव्हता, आणि फूल यायला पावसाळा लागला असता. तोपर्यंत रोज सकाळी एक नजर. त्याला तेवढंच हवं होतं. तोपर्यंत रमामध्ये काय उरेल आणि काय नाही, याचा हिशेब त्याने लावायचं टाळलं.

आठवडाभर त्याने कोंबाला हात लावला नाही. खरवडलं नाही, चादर घातली नाही. तो वीतभर झाला, पानं रुंद झाली. मग एका सकाळी, शांताबाई यायच्या आधी, त्याने रमाला हात धरून वर आणलं. तिने निळी सुती साडी नेसली होती, ती तिची तिने नेसली होती आणि जवळजवळ बरोबर नेसली होती. ऊन अजून कोवळं होतं. टाकीपाशी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या त्याने आधीच मांडून ठेवल्या होत्या, मुलगी बघायला माणसं येणार असल्यासारख्या.

"बघ," तो म्हणाला. पुढचं काही त्याने म्हटलं नाही. त्याचा आवाज त्यालाच वरच्या पट्टीत गेल्यासारखा वाटला.

रमा वाकली. तिने एक पान दोन बोटांत धरलं, अंगठ्याने चोळलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं; बरेच दिवस बंद असलेल्या घरात कोणी दिवा लावून खोलीखोलीतून फिरावं तसं. तिचा हात पानावरून देठाकडे, देठावरून खोडाकडे गेला, खोडावरून खाली मातीत शिरला. बोटांनी माती उकरली. ती हाताकडे बघतही नव्हती, कठड्यापलीकडे कुठेतरी बघत होती. बोटांना गाठ सापडली. बोटं गाठीवरून एकदा फिरली. "हे कोणाचंच नाही," रमा म्हणाली, आणि अंगठ्याने तो कोंब मुळापासून मोडून टाकला.

"अगं—" तो म्हणाला.

"खालून फुटलेलं ठेवायचं नसते," ती त्याला समजावून सांगत म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, उलट न कळणाऱ्या माणसाबद्दल असावा तेवढा धीर होता. "वरच्याले खाऊन टाकते ते." तिने कोंब कुंडीच्या काठावर ठेवला आणि मातीचे हात पदराला पुसले. कुंडीत आता वर काही नव्हतं आणि खालीही काही नव्हतं. एक छाटलेलं खोड, ओरखड्यांनी भरलेलं. काम बरोबर झालं होतं. तिने ते नेहमी जसं केलं तसंच केलं होतं.

मग ती वळली आणि तिने त्याच्याकडे पाहिलं. चांगलं, पुरतं पाहिलं, स्वच्छ उन्हात, ओळख करून घेताना बघतात तसं.

"तुम्हाले झाडाची आवड दिसते," ती म्हणाली.

"थोडी," तो म्हणाला.

"बसा ना. उभे काहून?" तिने खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि स्वतः दुसरीवर टेकली, पाठ ताठ, हात मांडीवर. "आमचे हे येतीलच इतक्यात. चहा घेतल्याशिवाय नका जाऊ बरं."

तो बसला. चहा त्यालाच करावा लागणार होता. पण यजमान घरात नसताना पाहुण्याने स्वयंपाकघरात शिरणं बरं दिसलं नसतं. रमा जिन्याच्या दाराकडे बघत होती. येणाऱ्या माणसाबद्दल तिला शंका नव्हती. मधूनच ती केस कानामागे सारायची, मधूनच त्याच्याकडे बघून, उशीर होतो आहे खरा, अशा अर्थाचं थोडं हसायची. तोही हसायचा. काही वेळाने, दुसरीकडे कुठे बघावं हे न सुचून, तोही जिन्याकडे बघू लागला.